मांडीचे माप



थंडीचे दिवस सुरू झाले की माझ्या दवाखान्यात येणाऱ्या लहानग्यांच्या अंगावर कपड्यांचे थर चढू लागतात. कुंची, कानटोपी, स्वेटर, त्यावर आईचा पदर, आणि या साऱ्याच्या आत कुठेतरी खोकणारे मूल. परभणी जिल्ह्याची ओळख रखरखीत उन्हाळ्याची असली, तरी डिसेंबर २०१८ मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठात किमान तापमान २ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल. येलदरी तर पूर्णा नदीवरील धरणाच्या कुशीत वसलेले. पहाटे जलाशयावरून येणारा वारा अंगाला झोंबतो. त्यामुळे मुलांच्या पांघरुणाची चिंता येथील आयाबहिणींना असते, आणि ती रास्तच आहे.

अलीकडे या चिंतेत एका हौसेची भर पडली आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मुलींनी मत्स्यकन्या पाहिली आहे. कंबरेच्या वर मुलगी आणि कंबरेखाली मासा, अशा त्या रूपाची मोहिनी मोठी विलक्षण. डेन्मार्कचे लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी १८३७ मध्ये जी मत्स्यकन्येची कथा लिहिली, तिच्यात त्या कन्येने पाय मिळावेत म्हणून आपला गोड आवाज देऊन टाकला होता. आमच्या मुलींना देवाने दोन धड पाय दिलेले आहेत, आणि त्यांना हवी आहे शेपटी! परदेशात मुलांनी पाय घालून बसावे अशी माशाच्या शेपटीच्या आकाराची पांघरुणे गेली काही वर्षे लोकप्रिय आहेत. ती पाहून आपल्याकडेही आया आणि आज्या घरच्या घरी तशी गोधडी शिवू लागल्या आहेत. ‘डॉक्टर, अशी शेपटी शिवली तर चालेल का?’ असा प्रश्न मला गेल्या दोन हिवाळ्यांत अनेकदा विचारला गेला. त्याचे उत्तर देण्यापूर्वी अशाच एका गोधडीची हकिकत सांगणे मला आवश्यक वाटते. ती गोधडी शिवली जात होती म्हणून एका मुलीचे दुखणे उघडकीस आले. ते ज्याच्या आधीच लक्षात यायला हवे होते, तो डॉक्टर मी होतो.

बोटभर कमी

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातील गोष्ट. जलाशयात मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील एक आजी नातीला कडेवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. थोरली सहा वर्षांची आणि धाकटी सतरा महिन्यांची, अशा दोन्ही नाती आजीच्या पदरात. थोरलीने मत्स्यकन्येच्या शेपटीचा हट्ट धरला होता. आजींनी उभ्या आयुष्यात असला मासा पाहिलेला नव्हता. ‘असला मासा आपल्या धरणात न्हाई,’ असे त्यांनी नातीला बजावलेही. पण अखेर रोहूच्या शेपटीचा आकार डोळ्यापुढे ठेवून जुन्या लुगड्यांची गोधडी बेतायला घेतली. थोरलीचे माप घेतले. मग धाकटीचे रडणे थांबेना, म्हणून तिलाही कापडावर निजवून खडूने रेषा ओढल्या, आणि तेथे आजी अडखळल्या.

‘डॉक्टरसायेब, पोरीचा डावा पाय बोटभर कमी भरतोय. आन् मांडी घालून बसवली तर डावा गुडघा खाली टेकंना.’

‘आजी, माप घेताना हलली असेल ती,’ मी सहज म्हणालो.

‘पोरगी हलंल, सायेब. म्या दोनदा मापलं. माप कसं हलंल?’

मी मुलीला टेबलावर उताणे निजवले. दोन्ही गुडघे वाकवून पावले शेजारी शेजारी टेकवली. डावा गुडघा उजव्यापेक्षा खाली होता. मांड्या बाहेरच्या बाजूस पसरवू लागलो, तो उजवी सहज पसरली, डावी अर्ध्यावर अडली. तिला चालायला लावले. ती अलीकडेच चालू लागली होती, आणि प्रत्येक पावलाला डावीकडे झुकत होती. घरच्यांना वाटले होते, नवे चालणे आहे, तोल सावरेल. परभणीला काढलेल्या एक्स-रेत निदान स्पष्ट झाले. डाव्या मांडीच्या हाडाचे डोके खुब्याच्या खोबणीत नव्हते. ते वर सरकलेले होते.

या मुलीला त्या पावसाळ्यात मी तीन वेळा तपासले होते. खोकला, ताप, जुलाब. तिन्ही वेळा छातीला नळी लावली, घसा पाहिला, औषध लिहिले. तिचे पाय मी एकदाही उघडे करून पाहिले नाहीत. बाहेर रांग होती, हे खरे आहे. परंतु रांगेकडे बोट दाखवून माझी सुटका होत नाही. हे मी येथे लिहितो, ते आपण आपल्या डॉक्टरांना प्रश्न विचारायला संकोचू नये म्हणून.

खुबा कसा घडतो

खुबा हा चेंडू आणि वाटी यांचा सांधा. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खोबणीत बसते आणि फिरते. जन्माच्या वेळी ही खोबण बहुतांशी कूर्चेची, म्हणजे मऊ आणि अपूर्ण असते. चेंडू वाटीच्या मधोमध बसलेला असेल तर वाटी त्याच्याभोवती खोल आणि गोल घडत जाते. चेंडू कडेला सरकला तर वाटी उथळ राहते. उथळ वाटीतून चेंडू आणखी सरकतो, आणि मूल चालू लागल्यावर शरीराचा भार चुकीच्या जागी पडू लागतो. जन्मतः खुबा पूर्ण निखळलेला असण्याचे प्रमाण साधारणपणे हजार बाळांमागे एक ते दोन. मुलींमध्ये ते अधिक आढळते, डाव्या बाजूस अधिक आढळते, पायाळू बाळांत अधिक आढळते, आणि आईवडिलांपैकी कोणाला किंवा भावंडांना हा त्रास झालेला असेल तरीही अधिक आढळते.

पोटातील बाळ गुडघे वाकवून, मांड्या पसरून बसलेले असते. जन्मानंतरचे काही महिने त्याची तीच स्वाभाविक बैठक. उताणे निजलेले तान्हे बाळ पाहा, बेडकासारखे दिसते. त्या बैठकीत चेंडू वाटीच्या मधोमध राहतो. याउलट बाळाचे दोन्ही पाय सरळ ओढून, एकमेकांना चिकटवून दुपट्यात आवळून बांधले, तर चेंडूवर बाहेर सरकण्याचा ताण येतो. आपल्याकडे तेलपाण्यानंतर बाळाला असे ‘घट्ट बांधून’ ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पाय वाकडे होऊ नयेत, बाळ दचकू नये, त्याला थंडी लागू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू प्रेमाचाच; परंतु बांधल्याने पाय सरळ होत नाहीत आणि खुब्याला धोका मात्र वाढतो.

याचा पुरावा जपानने दिला आहे. तेथेही बाळाचे पाय सरळ गुंडाळण्याची प्रथा होती, आणि खुबा निखळलेल्या बाळांचे प्रमाण शेकडा १.१ ते ३.५ इतके मोठे होते. १९७५ च्या सुमारास तेथील डॉक्टरांनी देशव्यापी मोहीम हाती घेतली. बाळाचे पाय सरळ बांधू नका, त्यांना हलू द्या, एवढाच तिचा संदेश. काही वर्षांत हे प्रमाण शेकडा ०.२ च्या खाली आले. एवढा फरक केवळ गुंडाळण्याची रीत बदलल्याने पडला.

आपली दुसरी एक जुनी रीत मात्र खुब्यासाठी उत्तम आहे, आणि ती म्हणजे मुलाला कडेवर घेणे. आईच्या कमरेभोवती मुलाच्या मांड्या पसरतात, गुडघे वाकतात, आणि चेंडू वाटीत नेमका बसतो. ज्या समाजांत मुलांना असे पाय फाकवून कडेवर वा पाठीवर वागवतात, त्यांच्यात हा विकार कमी आढळतो. एकाच घरात एक रीत खुबा बिघडवण्याचा आणि दुसरी तो राखण्याचा उद्योग करीत असते.

आमच्या या चिमुरडीचा पहिला हिवाळा साखर कारखान्याच्या परिसरातील कोपीत गेला होता. श्रावणात जन्मलेली पोर चार-पाच महिन्यांची असताना आई पहाटे फडात जाई. थंडी लागू नये आणि पोर लोळत जाऊ नये, म्हणून तिला पायांसकट आवळून बांधलेले असे. तिचा खुबा त्यामुळेच निखळला, असे मी म्हणणार नाही. मूळ दोष कदाचित जन्मतःच असेल. परंतु आवळून बांधल्याने त्याला मदत झाली नाही, आणि दर काही महिन्यांनी गाव बदलल्याने तपासणीही हुकली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत वर्षातून एकदा येतात. ज्या जन्मजात दोषांसाठी ती मुलांना तपासतात, त्यांत खुब्याचा हा दोष नावानिशी समाविष्ट आहे. पथक अंगणवाडीत आले तेव्हा ही मुलगी कोपीत होती.

वेळेचा प्रश्न

दोष सहा महिन्यांच्या आत सापडला, तर बहुतेक बाळांना शस्त्रक्रिया लागत नाही. चेक अस्थिरोगतज्ज्ञ अर्नोल्ड पाव्लिक यांच्या नावाने ओळखला जाणारा मऊ पट्ट्यांचा एक साज असतो. तो बाळाचे पाय वाकलेले आणि पसरलेले ठेवतो. काही आठवड्यांत खोबण आपोआप घडू लागते. मूल मोठे होते, चालू लागते, तसा उपचार अवघड होत जातो. भूल द्यावी लागते, अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि नंतर छातीखालपासून पायांपर्यंत प्लास्टर घालून मुलाला महिनोन् महिने ठेवावे लागते. मुळीच उपचार झाला नाही, तर लंगडणे कायमचे राहते आणि ऐन तरुणपणी खुब्याची झीज सुरू होते.

आमच्या मुलीसाठी पहिला पर्याय उरलेला नव्हता. पथकाच्या डॉक्टरांमार्फत तिला जिल्ह्याच्या केंद्रात आणि तेथून मोठ्या रुग्णालयात पाठवले. शस्त्रक्रिया मोफत झाली. परंतु मोफत शस्त्रक्रियेलाही किंमत असते. आई हंगाम अर्धवट टाकून परतली. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. ती निघाल्यावर नवऱ्याचा अर्धा कोयता राहिला, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल पुढील वर्षाच्या डोक्यावर चढली. दीड-दोन महिन्यांचे असताना एका डॉक्टराने पाच मिनिटे पाय तपासले असते, तर हे टळले असते. आजही माझ्या मनातून हे जात नाही.

प्लास्टरात मुलीचे दोन्ही पाय पसरलेले. बाजारातील कोणतेही पांघरूण त्यावर नीट बसेना. थंडी तर होतीच. थोरलीची शेपटी तोवर शिवून झाली होती. आजींनी धाकटीसाठी बेतलेले कापड पुन्हा पसरले, आणि खडूची जुनी रेषा पुसून प्लास्टरातील पायांभोवती नवी ओढली. मासा भलताच रुंद झाला. थोरली म्हणाली, हा मासा नाही, बेडूक आहे. आजी म्हणाल्या, ‘मासाच हाये, जरा लठ्ठ हाये.’ त्या लठ्ठ माशाखाली मुलीने तीन महिने काढले. प्लास्टर निघाले, व्यायाम सुरू झाला, पुढच्या पावसाळ्यात ती चालू लागली. आता ती चार वर्षांकडे झुकली आहे. धावते, दमल्यावर किंचित लंगडते. वाढ पूर्ण होईपर्यंत तिला ठरावीक काळाने एक्स-रे काढून दाखवत राहावे लागेल.

शेपटी शिवायची असेल तर

आता मूळ प्रश्नाकडे. शेपटी शिवावी का? अवश्य शिवावी, परंतु आजींच्या त्या दुसऱ्या मापाने शिवावी. मुलाला कापडावर मांडी घालून बसवा. एका गुडघ्याच्या बाहेरच्या टोकापासून दुसऱ्याच्या बाहेरच्या टोकापर्यंत खूण करा आणि दोन्ही बाजूंस चार-चार बोटे वाढवा. मांड्यांपाशी गोधडीची रुंदी एवढी हवी. ज्या पांघरुणात मुलाला मांडी घालता येते, त्यात त्याचे खुबे, गुडघे आणि श्वास मोकळे आहेत असे समजावे. उभ्याने माप घेऊन, पाय जुळवून बेतलेली अरुंद शेपटी दिसायला सुबक असते. पण त्यात पाय बांधले जातात. शेपटीचा निमुळतेपणा कात्रीने आणण्याची गरज नाही. तो टाक्यांच्या रेघांनी आणि रंगीत ठिगळांनी दाखवता येतो.

लांबी काखेच्या खाली सुरू होऊन पावलांच्या पुढे वीतभर. त्याहून वर, गळ्यापर्यंत, गोधडी नेऊ नये. वरच्या काठाला नाडी किंवा घट्ट इलॅस्टिक घालू नये. खालचे टोक शिवून बंद करू नये. शेपटीचे पंख फक्त वरच्या पदराला जोडावेत, म्हणजे पावले खालून मोकळी निघतील. पाठीमागची शिवणही सलग नको. दोन पदर एकमेकांवर चार बोटे येतील असे सुटे ठेवावेत. मूल झोपेत लाथ मारील तेव्हा ते उघडले पाहिजेत. शिवून झाल्यावर एक परीक्षा घ्या. मुलाला आत बसवा आणि ‘उठून पळ’ म्हणा. हातांची मदत न घेता त्याला क्षणात बाहेर येता आले नाही, तर शिवण उसवा.

कापड सुतीच घ्यावे. जुने लुगडे, धोतर, मऊ झालेली चादर. दोन-तीन थर पुरेत. बाजारातील लोकरीसारखे दिसणारे चकचकीत कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते. ते आगीजवळ वितळते आणि कातडीला चिकटते. आपल्याकडे हिवाळ्यात अंगणात शेकोटी असते, घरात चूल वा शेगडी असते, आणि शेपटीत पाय असलेले मूल चटकन मागे सरू शकत नाही. म्हणून शेकोटीपाशी शेपटी नको, ती सुती असली तरी नको. दुर्दैवाने भाजलेच, तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे गार पाणी सोडावे. चिकटलेले कापड ओढून काढू नये. दंतमंजन, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. मग दवाखाना गाठावा.

खवल्यांसाठी टिकल्या, मणी, आरसे, बटणे लावण्याचा मोह होतो. तीन वर्षांखालील भावंड घरात असेल तर तो आवरावा. सुटलेला मणी श्वासनलिकेत अडकायला क्षण पुरतो. चंद्रकोरीच्या आकाराचा धावदोरा आणि लुगड्याच्या काठाची ठिगळे यांनी खवले अधिक शोभून दिसतात. लुकलुकणारे दिवे तर मुळीच लावू नयेत. त्यांतील गोल चपटे सेल मुलाने गिळले आणि ते अन्ननलिकेत अडकले, तर दोन तासांतही गंभीर जखम करू शकतात. अशी शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणखी एक जुनी शिस्त सांगतो. शिवायला बसताना सुया मोजाव्यात आणि उठताना पुन्हा मोजाव्यात. गोधडीत राहिलेली सुई तळपायात शिरलेली आहे, असे रुग्ण मी पाहिले आहेत.

कोणाला, केव्हा नको

एक वर्षाखालील बाळाला ही शेपटी नको, आणि झोपेत कोणतेही सैल पांघरूण वा उशीही नको. ते तोंडावर सरकले तर बाळाला बाजूला सारता येत नाही. बाळाला उताणे निजवावे, अंथरूण सपाट व टणक असावे, आणि ऊब अंगातल्या सुती कपड्यांच्या थरांनी द्यावी. गुंडाळायचेच असेल तर छातीभोवती हाताची दोन-तीन बोटे सहज शिरतील इतके सैल, आणि कमरेखाली पाय वाकतील, पसरतील इतकी जागा ठेवून गुंडाळावे. बाळ कुशीवर वळण्याचा प्रयत्न करू लागले की गुंडाळणे बंद करावे. नुकत्याच जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याला टोपी, मोजे आणि आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणे, हे डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे चालू ठेवावे. एक ते तीन वर्षांच्या मुलांना पाय आत घालण्याची शेपटी न देता माशाच्या आकाराची सपाट गोधडी वरून पांघरावी. पाय आत घालून बसण्याची हौस तीन वर्षांनंतर, तीही मोठे माणूस जवळ असताना भागवावी.

ताप असलेल्या मुलाला ‘घाम फुटू दे’ म्हणून गोधडीत गुंडाळू नये. त्याने ताप उतरत नाही, वाढतो. मुलाला थंडी वाजते की गरम होते, हे हातापायांवरून ठरवू नये. ते थंडच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावे. तेथे घाम असेल तर एक थर कमी करावा.

शेपटी घालून चालणे, उड्या मारणे, जिन्यावर जाणे, झोक्यावर बसणे नको. आणि पाण्यात तर कदापि नको. हे मी विशेष आग्रहाने लिहितो, कारण आमच्या गावाला जलाशयाचा शेजार आहे, आणि मत्स्यकन्या होऊन बसलेल्या मुलीला पाण्यात उतरावेसे वाटणे यासारखी स्वाभाविक गोष्ट नाही. भिजलेली गोधडी जड होते, पाय एकत्र अडकतात, आणि पोहता येणारे मूलही बुडू शकते. पोहण्यासाठी मुद्दाम बनवलेल्या शेपट्यांनाही परदेशातील कित्येक सार्वजनिक तलावांनी मज्जाव केला आहे. मुलाच्या हाती शेपटी देतानाच सांगावे की हा मासा जमिनीवरचा आहे.

गोधडी दर पंधरा दिवसांनी कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी. दमेकरी मुलाच्या घरी आठवड्याला. घरात कोणाला खरूज झाली असेल, तर उपचार सर्वांनी एकाच दिवशी घ्यावेत आणि त्याच दिवशी पांघरुणे कढत पाण्यात धुवावीत. धुणे शक्य नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवावीत. मानवी शरीरापासून दूर खरजेचा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

आज रात्री

आता एक विनंती. आपल्या घरात दोन वर्षांखालील मूल असेल, तर आज रात्री कपडे बदलताना त्याला उताणे निजवा. दोन्ही मांड्यांवरच्या वळ्या सारख्या आहेत का, पाहा. गुडघे वाकवून पावले जुळवा. गुडघे एकाच उंचीवर येतात का, पाहा. लंगोट बदलताना दोन्ही मांड्या सारख्याच सहजतेने पसरतात का, याकडे लक्ष द्या. जोर लावू नका. मूल चालणारे असेल तर मागून त्याची चाल पाहा. ते एका बाजूला झुकते का? दोन्ही खुबे निखळलेले असतील तर फरक दिसणार नाही, मूल बदकासारखे डुलत चालेल. नुसत्या वळ्या निरोगी बाळांतही कमीजास्त असतात, तेव्हा घाबरून जाऊ नये. शंका असेल तर दाखवावे. बाळ पायाळू जन्मलेले असेल, किंवा घरात कोणाला हा विकार असेल, तर सारे ठीक दिसले तरी पहिल्या दीड-दोन महिन्यांत खुब्यांची सोनोग्राफी करावी का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारावे. आणि लसीकरणाला जाल तेव्हा तेथील डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत म्हणावे, ‘याचे खुबे तपासा.’ हंगामासाठी गाव सोडणार असाल, तर निघण्यापूर्वी अंगणवाडीताईंना बाळ दाखवून जावे.

त्या आजींची गाठ अजून पडते. माझ्या दवाखान्यात आता लहान मूल खोकल्यासाठी आले तरी मी ते थर एकेक करून उतरवतो, आणि निघण्यापूर्वी त्याचे गुडघे एकदा शेजारी शेजारी टेकवून पाहतो. रांगेतील लोक कुरकुरतात. परवा आजीच रांगेत होत्या. कुरकुरणाऱ्या एका बाईंना त्या म्हणाल्या, ‘मापून घेऊ द्या की त्यास्नी. कापड नंतर कापता येतं.’